फिरेनासा झालेला पंखा

मोटारगाडीत चालकाच्या शेजारी बसणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांसमोर जो लहानसा कप्पा असतो, त्याच्या मागे एक पंखा दडलेला असतो. गाडीच्या मालकाला तो बहुधा कधीच दिसत नाही. त्याचा आवाज मात्र रोज ऐकू येतो, आणि तो आवाज ज्या दिवशी बंद होतो त्या दिवशीच त्याच्या अस्तित्वाची जाणीव होते. गॅरेजमध्ये त्याला ‘ब्लोअर’ म्हणतात. गाडीतील गरम हवा, थंड हवा आणि बाहेरची साधी हवा या तिन्ही आपल्यापर्यंत पोहोचवण्याचे काम हा एकच पंखा करतो. हा पंखा बिघडला तर दोष कसा शोधावा, हे या पाठात आपण एका प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगाच्या आधारे समजून घेणार आहोत.

प्रसंग बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी येथील आहे. बनशंकरी देवीच्या मंदिरावरून या वस्तीला नाव मिळाले. राहुकाळात लिंबाच्या अर्ध्या फोडीत वात लावून देवीपुढे ठेवण्याची तेथील प्रथा सर्वश्रुत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे बेंगळुरूत उकाडाही बेताचा आणि थंडीही बेताचीच. साहजिकच ‘येथे हीटर आणि एसी हवा कशाला?’ असे पुष्कळांना वाटते. मलाही तसेच वाटत असे. पावसाळ्यातील एका रात्रीने तो समज दूर केला.

काचेवरचे धुके

बनशंकरीच्या दुसऱ्या स्टेजमध्ये माझ्या ओळखीचे एक वृद्ध दांपत्य राहते. गृहस्थ मूळचे बेळगावचे. नोकरीनिमित्त बेंगळुरूला आले आणि निवृत्तीनंतर तेथेच राहिले. त्यांची लहान गाडी १९९९ सालची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ते सोपस्कार त्यांनी वेळच्या वेळी केले होते. पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी रुग्णालयात न्यावे लागे. त्यामुळे ती गाडी म्हणजे त्या घराची हौस नव्हती, गरज होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूत अतोनात पाऊस झाला, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. त्याच दिवसांत एका संध्याकाळी ही दोघे रुग्णालयातून परतत होती. मीही मागच्या आसनावर होतो. पावसामुळे काचा वर केलेल्या. पाच मिनिटांत समोरची काच आतून पांढुरकी झाली. काकांनी पंख्याचे बटण फिरवले. पंखा फिरला नाही. त्यांनी हातरुमालाने काच पुसली. ती पुन्हा झाकोळली. समोरून येणाऱ्या बसचे दिवे त्या ओलसर काचेवर असे पसरले की रस्त्याची कड कोठे आणि माणसे कोठे, हे कळेना. शेवटी गाडी कडेला उभी करून पाऊस ओसरेपर्यंत थांबावे लागले. डायलिसिसने थकलेल्या बाईंना त्या दिवशी घरी पोहोचायला दीड तास लागला.

असे का झाले? हवेत नेहमीच काही बाष्प असते. हवा जितकी गरम तितके अधिक बाष्प ती धरून ठेवू शकते. बंद गाडीत तीन माणसांच्या श्वासाने हवा दमट होते, आणि बाहेरून पावसाचे पाणी पडत असल्यामुळे काच थंड असते. दमट हवा थंड काचेला लागली की तिला आपले बाष्प पेलवत नाही. ते सूक्ष्म थेंबांच्या रूपाने काचेवर जमते. पहाटे गवतावर दव पडते तोच हा प्रकार. उपाय दोन. काच गरम करणे, किंवा तिच्यावरून कोरडी हवा वाहवणे. पहिले काम हीटर करतो, दुसरे एसी. मात्र दोघांचीही हवा काचेपर्यंत नेतो तो हाच पंखा. म्हणून पंखा बंद पडणे ही केवळ सुखसोयीची बाब नाही.

हवा गरम किंवा थंड कशी होते

गाडीतील हीटर वेगळे इंधन जाळत नाही. इंजिन चालताना जी उष्णता निर्माण होते, ती वाहून नेण्यासाठी इंजिनभोवती पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण फिरत असते. त्यातील काही भाग दोन रबरी नळ्यांमधून दर्शनी पट्टीमागील एका लहान जाळीत, म्हणजे हीटर कोअरमध्ये येतो. पंख्याची हवा या जाळीतून गेली की गरम होते. एसीची रचना याच्या उलट. कॉम्प्रेसरने दाबलेला वायू पुढच्या कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो, आणि आतील कूलिंग कॉइलमध्ये एकदम प्रसरण पावून तिला अतिशय थंड करतो. पंख्याची हवा या कॉइलवरून गेली की थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन गाडीखाली गळते. एसीची हवा थंड असते तशीच कोरडीही असते, ती यामुळे. पावसाळ्यात काच साफ करण्यासाठी एसी आणि हीटर दोन्ही एकाच वेळी लावता येतात, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. परंतु हवा आधी कोरडी करून मग गरम करणे हाच तेथे उत्तम मार्ग आहे. अशा वेळी आतलीच हवा फिरवणारी कळ बंद ठेवावी, म्हणजे आपल्या श्वासाने दमट झालेली हवा बाहेर पडत राहते.

आता एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्या. गाडीत ‘एसीचा पंखा’ या नावाने दोन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. एक आपला ब्लोअर, दुसरा पुढच्या जाळीमागे असलेला कंडेन्सरचा पंखा. गॅरेजमध्ये नुसते ‘पंखा गेला’ असे सांगितल्याने घोटाळा होतो. ब्लोअर बंद असेल तर आत हवाच येत नाही. कंडेन्सरचा पंखा बंद असेल तर हवा येते, पण गाडी धावत असतानाच थंड येते. सिग्नलपाशी उभे राहिले की ती कोमट होऊ लागते. धावत्या गाडीत वाराच कंडेन्सरला थंड करत असतो आणि उभ्या गाडीत ते काम पंख्यावाचून होत नाही. बनशंकरीच्या बसस्थानकाजवळ संध्याकाळच्या गर्दीत दहा मिनिटे अडकले की हा फरक आपोआप समजतो.

लक्षणे बोलतात

वैद्य जसा नाडी पाहण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो, तसेच येथेही करावे. हत्यार हातात घेण्यापूर्वी लक्षणे नीट पाहिली तर निम्मा शोध तेथेच संपतो.

जुन्या गाड्यांतील पंख्याचा वेग कमी-जास्त करण्याची रीत अगदी साधी आहे. पंख्याच्या मोटारीच्या मार्गात रोधकाची वेटोळी बसवलेली असतात. पहिल्या वेगाला वीज सर्व वेटोळ्यांतून जाते, म्हणून मोटारीला कमी विद्युतदाब मिळतो व ती सावकाश फिरते. दुसऱ्या, तिसऱ्या वेगाला एकेक वेटोळे वगळले जाते. सर्वांत वरच्या वेगाला रोधक पूर्णपणे टाळून वीज सरळ जाते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा निष्कर्ष तुम्ही स्वतःच काढू शकाल. वाचन क्षणभर थांबवा आणि विचार करा: पंखा फक्त सर्वांत वरच्या वेगाला चालतो, खालचे सर्व वेग बंद आहेत, तर दोष कोठे असेल?

उत्तर अर्थातच रोधकात. मोटार ठीक आहे, वितळतार ठीक आहे. अन्यथा वरचा वेगही चालला नसता. याउलट खालचे वेग चालतात पण वरचा चालत नाही, असे झाले तर रोधकाला दोष देऊ नये. त्या वेगाची स्वतंत्र तार, बटणातील तो संपर्क किंवा त्यासाठी बसवलेला रिले तपासावा.

कप्प्याखालून मोटारीवर हलकी थाप मारली असता पंखा सुरू झाला, तर मोटारीतील कार्बन ब्रश झिजले असे समजावे. ते फिरत्या भागाला टेकून वीज पोहोचवतात. झिजून आखूड झाले की टेकत नाहीत, थापेच्या धक्क्याने क्षणभर टेकतात. अशी मोटार दोन दिवस चालते आणि नेमकी नको त्या वेळी बसते. पंखा किंचाळत असेल तर बुश कोरडे झाले आहेत. पंखा जोरात फिरतो, आवाजही येतो, पण हवा क्षीण येते, तेव्हा वीज सोडून हवेच्या वाटेकडे पाहावे. फिल्टर, कॉइल किंवा आतील झडप यांपैकी काहीतरी अडले आहे.

हवा भरपूर येते पण हीटर लावूनही गरम होत नाही, या तक्रारीत पंख्याचा संबंधच नाही. इंजिन तापल्यावर हीटरच्या दोन नळ्यांना अतिशय जपून, बोटाने क्षणभर स्पर्श करावा. दोन्ही गरम असतील तर उष्णता आत पोहोचते आहे, झडप मात्र हलत नाही. एक गरम व एक थंड असेल तर जाळी चोंदली आहे किंवा तिची तोटी बंद आहे. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. कूलंट पाहण्यासाठी तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी तोंडावर उडून भाजल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतील.

विजेची वाट

काकांनी गाडी प्रथम एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. तेथे पाच मिनिटे पाहून ‘मोटार जळली, पूर्ण संच बदलावा लागेल, सात-आठ हजार होतील’ असे सांगण्यात आले. मोटार कोणी सोडवून पाहिली नव्हती. जुन्या गाडीच्या बाबतीत असे घडते. शोधण्याचा वेळ वाचवण्यासाठी सुटा भाग बदलण्याचा सल्ला दिला जातो. मला तो सल्ला पटला नाही, कारण काकांनी बोलता बोलता सांगितलेली एक गोष्ट त्याच्याशी जुळत नव्हती. गेले तीन-चार महिने पंखा फक्त चौथ्या वेगाला चालत होता. आणि मग एके दिवशी तोही बंद झाला.

कनकपुरा रस्त्यालगतच्या एका गल्लीत मोटारींच्या विजेची कामे करणारे एक मिस्त्री होते. त्यांचे कुटुंब बेंगळुरूत कित्येक पिढ्यांपासूनचे. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि गिऱ्हाइकाप्रमाणे दक्खनी अशी त्यांची भाषा. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “काका, आधी करंट कुठवर येतंय ते बघू. मोटार शेवटी.”

त्यांचे साधन म्हणजे दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा एक लहान दिवा. शेजारी मल्टिमीटरही होता, पण त्यांचा भर दिव्यावर. त्यामागे कारण आहे. सैल किंवा जळक्या सांध्यातूनही मल्टिमीटरला पूर्ण बारा व्होल्ट दिसू शकतात, कारण मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. दिवा थोडी तरी वीज ओढतो, म्हणून वाट फार खराब असेल तर तो मंद लागतो.

प्रथम वितळतार पाहिली. (‘फ्यूज’ला पाठ्यपुस्तकांनी दिलेला हा शब्द मला आवडतो, नावातच काम सांगितले आहे. मात्र गॅरेजमध्ये तो उच्चारला तर मिस्त्री आपल्याकडे पाहत राहतील.) ती शाबूत होती. येथे एक इशारा दिलाच पाहिजे. वितळतार वारंवार जात असेल तर तिच्या जागी जाड तार किंवा मोठ्या क्षमतेची वितळतार बसवणे हा गुन्हा समजावा. त्या स्थितीत वितळतारेऐवजी गाडीतील तारांचा जुडगाच वितळतो, आणि गाड्यांना आगी लागण्याचे ते एक कारण आहे.

नंतर कप्पा काढून मोटारीच्या दोन टोकांपर्यंत ते पोहोचले. बटण चौथ्या वेगावर ठेवले. दिव्याची एक तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला आणि दुसरी मोटारीच्या पहिल्या टोकाला लावली. दिवा लख्ख लागला. दुसऱ्या टोकाला लावली, तरीही लागला. मोटारीच्या दोन टोकांमध्येच दिवा जोडला, तेव्हा मात्र लागला नाही.

याचा अर्थ सावकाश लावू या. विजेला येण्याची वाट लागते तशीच परत जाण्याचीही लागते. गाडीत परतीची वाट सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाते. तिला मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात. मोटारीच्या दोन्ही टोकांना बारा व्होल्ट दिसतात, याचा अर्थ वीज आत आली, मोटारीतून पलीकडेही पोहोचली, पण पुढे जायला तिला वाट नाही. नदीला बांध घातला की बांधाच्या अलीकडे सगळीकडे पाण्याची पातळी सारखी होते आणि प्रवाह थांबतो, तसे. दोन्ही टोकांना काहीच नसते तर वीज मुळात येतच नाही, असे ठरून वितळतार, रिले आणि किल्लीकडून येणारी तार शोधावी लागली असती. आणि दोन टोकांमध्ये पूर्ण बारा व्होल्ट असूनही मोटार फिरली नसती, तर मात्र ती खरोखरच गेलेली. अनेक गाड्यांत रोधक व बटण मोटारीच्या अलीकडे असतात, तर अनेकांत पलीकडे, म्हणजे परतीच्या वाटेवर. ही गाडी दुसऱ्या प्रकारची होती.

मिस्त्रींनी एक जाड तार घेतली, तिच्यात वितळतार जोडली, आणि मोटारीचे दुसरे टोक थेट सांगाड्याला जोडले. पंखा गरगर फिरू लागला. समोरच्या झरोक्यांतून धुळीचा लोट आणि त्याबरोबर वाळलेली बारीक पाने बाहेर आली.

“काका, मोटार मेलेली नाही. तिची परतीची वाट बंद पडलीय,” मिस्त्री म्हणाले.

“मग ते सात हजार?”

“ते त्यांना विचारा.”

वाट का जळली

रोधक बाहेर काढला तेव्हा सर्व उलगडा झाला. त्याचे एक वेटोळे तुटले होते. म्हणून खालचे वेग गेले होते. ज्या प्लॅस्टिकच्या जोडात तो बसतो तो जोड वितळून तपकिरी झाला होता, आणि चौथ्या वेगाची तारही त्याच जोडातून जात असल्यामुळे शेवटी तोही वेग गेला.

येथे विज्ञानाचे दोन नियम उपयोगी पडतात. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली विद्युतदाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध मांडला. प्रवाहाने रोधाला गुणले की त्या ठिकाणी किती व्होल्ट खर्च होतात ते कळते. पुढे १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी दाखवले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता हिशेब करू. समजा सैल झालेल्या जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम आहे. पंखा १० अँपिअर ओढत असेल तर त्या जोडात १ व्होल्ट वाया जातो आणि १० वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह १५ अँपिअर झाला तर उष्णता २२.५ वॅट होते. प्रवाह दीडपट, उष्णता सव्वादोनपट. नखाएवढ्या पितळी पट्टीत एवढी उष्णता साठली तर भोवतालचे प्लॅस्टिक टिकणार कसे? उष्णतेने पट्टी आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो, आणि हे चक्र जोड जळेपर्यंत चालते.

पण मोटार जास्त वीज का ओढत होती? मिस्त्रींनी ती सोडवली. फिरत्या पिंजऱ्यात गुलमोहराच्या इवल्या पानांचा लगदा अडकून तो कडेला घासत होता आणि बुशमधील वंगण सुकले होते. काकांची गाडी वर्षानुवर्षे दारापुढच्या गुलमोहराखाली उभी राही. ती बारीक पाने समोरच्या काचेखालील जाळीतून आत शिरत. अडखळत फिरणारी मोटार जास्त वीज ओढते.

एक बारकावा पाहण्यासारखा आहे. हवेची वाट नुसती चोंदली आणि पंखा मोकळा फिरत असला, तर मोटार उलट कमी वीज ओढते, कारण तिला ढकलायला हवाच कमी असते. तरीही रोधक जळतोच. कारण रोधक मुद्दाम पंख्याच्या झोतात बसवलेला असतो, त्या हवेने तो थंड राहावा म्हणून. झोत मंदावला की तो तापतो. म्हणजे कारण कोणतेही असो, पाने साफ न करता नुसता नवा रोधक बसवणाऱ्याला काही महिन्यांनी पुन्हा तोच खर्च करावा लागतो.

जयचामराजेंद्र रस्त्यावर, ज्याला सगळे जे. सी. रोड म्हणतात, गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तेथून रोधक आणि नवा जोड आणला. मिस्त्रींनी बॅटरीची ऋण तार सोडवली, जळलेला भाग कापून नवा जोड नीट दाबून बसवला, पिंजरा धुतला, बुशला तेलाचे दोन थेंब दिले आणि काचेखालच्या जाळीवर बारीक तारेची चाळणी बसवली. मजुरीसह खर्च हजाराच्या आत राहिला.

गाडी सुरू झाली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे चारही वेग काकांनी दोन-दोनदा फिरवून पाहिले. एसी लावला. पूर्वी तोही लागत नसे. पंखा फिरल्याशिवाय कॉम्प्रेसरला वीज मिळू नये, अशी सोय पुष्कळ गाड्यांत असते, नाहीतर कॉइलवर बर्फ जमतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. रुग्णालयाच्या आवारात गाडीखाली पाणी गळताना काकूंनी पाहिले होते आणि नवे काहीतरी बिघडले म्हणून त्या घाबरल्या होत्या. पाणी स्वच्छ आहे का, त्याला काही वास येतो का, असे मी विचारले. हीटरची जाळी फुटली तर गोडसर वासाचे चिकट कूलंट गळते आणि पायाखालचा गालिचा ओला होतो. काकांनी फोन तसाच हातात धरून खाली वाकून बोट लावून पाहिले.

“स्वच्छ आहे. वास नाही. आणि बर्फासारखं गार आहे.”

एसीने गाडीतील हवेतून काढलेले ते बाष्प होते.